कुणाल कामरा आणि 'मधला माणूस': तुमची पोस्ट खरी की खोटी, हे ठरवणार कोण?

२३ मार्च २०२५, रविवारची रात्र. मुंबईत खारमधल्या 'द हॅबिटॅट' या स्टुडिओत शिवसेनेचे कार्यकर्ते घुसले आणि त्यांनी तोडफोड केली. कारण होतं त्याच दिवशी युट्यूबवर आलेला कुणाल कामराचा 'नया भारत' हा व्हिडिओ. एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर रचलेल्या विडंबनात त्याने उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं नाव न घेता 'गद्दार' हा शब्द वापरला होता. रोख कोणाकडे आहे, हे महाराष्ट्रात कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती.

गंमत बघा. विनोद कामराचा, पण मोडलेल्या खुर्च्या दुसऱ्याच कुणाच्या. कामरा तेव्हा तिथे नव्हताच. दुसऱ्या दिवशी मुंबई महापालिकेचं पथक अनधिकृत बांधकामाचं कारण देऊन त्याच जागेत पोहोचलं. स्टुडिओने आपण काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यावर कामराचं म्हणणं असं होतं: ताटातलं बटर चिकन आवडलं नाही म्हणून टोमॅटो घेऊन जाणारा ट्रक उलटवण्यासारखा हा प्रकार आहे.

हे वाक्य मीम म्हणून भरपूर फिरलं. पण त्यात कामराच्या सगळ्या भूमिकेचं सार आहे. बोलणाऱ्याला गाठण्याऐवजी त्याला जागा देणाऱ्याला गाठायचं. स्टुडिओच्या बाबतीत हे हातोड्याने होतं, इंटरनेटवर नियमाने होतं. 'नया भारत'च्या दोन वर्षं आधी हाच मुद्दा घेऊन तो मुंबई हायकोर्टात गेला होता आणि तिथे जिंकलाही. ते प्रकरण नेमकं काय होतं आणि त्याचा तुमच्या-आमच्या पोस्टशी काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

कुणाल कामरा आहे कोण?

कामरा मुंबईचा. काही वर्षं जाहिरात क्षेत्रात काम केल्यावर तो स्टँडअप कॉमेडीकडे वळला. २०१७ पासून त्याचा 'शट अप या कुणाल' हा पॉडकास्ट गाजू लागला. त्यात वेगवेगळ्या पक्षांची माणसं, पत्रकार आणि कार्यकर्ते येऊन गेले. तो कुठल्याही वाहिनीचा नोकर नाही. त्याचं सगळं काम युट्यूब, एक्स आणि तिकीट काढून होणाऱ्या शोवर चालतं. म्हणजे स्वतंत्र राजकीय भाष्यकाराची जी ताकद असते तीही त्याच्याकडे आहे आणि जी अडचण असते तीही.

वाद त्याला नवे नाहीत. जानेवारी २०२० मध्ये इंडिगोच्या मुंबई-लखनौ विमानात त्याने पत्रकार अर्णब गोस्वामी यांना गाठून त्यांच्याच शैलीत प्रश्न विचारले आणि व्हिडिओ टाकला. इंडिगोने त्याच्यावर सहा महिन्यांची प्रवासबंदी घातली, नंतर ती तीन महिन्यांवर आणली. इतर काही विमान कंपन्यांनीही त्याला बंदी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोस्वामी यांना जामीन मिळाल्यावर त्याने सुप्रीम कोर्टावर ट्वीट केली. त्यावरून न्यायालयाच्या अवमानाची कारवाई सुरू झाली. त्याने माफी मागायला नकार दिला. एखाद्या विनोदाने न्यायसंस्थेचा पाया हलत नाही, लोकांचा न्यायसंस्थेवरचा विश्वास तिच्या स्वतःच्या कामावर अवलंबून असतो, अशी त्याची बाजू होती.

आधी एक शब्द समजून घ्या: मध्यस्थ

तुम्ही फेसबुकवर काही लिहिलं आणि त्यातून कुणाची बदनामी झाली, तर जबाबदार कोण? तुम्ही, की फेसबुक?

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात फेसबुक, युट्यूब, एक्स यांना 'मध्यस्थ' म्हटलं आहे. पत्रातल्या मजकुरासाठी आपण पोस्टमनला धरत नाही, तसंच काहीसं. कायद्याचं कलम ७९ या मध्यस्थांना संरक्षण देतं. यालाच 'सेफ हार्बर' म्हणतात. मात्र त्याला अटी आहेत. बेकायदा मजकुराची रीतसर माहिती मिळूनही तो काढला नाही, तर हे संरक्षण जातं आणि कंपनीवर खटला होऊ शकतो.

आता कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रोज कोट्यवधी पोस्ट पडतात. त्यातल्या एका विनोदासाठी तुम्ही कोर्टाची पायरी चढाल का? बहुतेक वेळा कंपनी पोस्ट काढून मोकळी होते. तिचं त्या विनोदावर प्रेम नसतं. कामराच्या युक्तिवादाचा कणा हाच आहे.

पालघरपासून सुरू झालेली गोष्ट

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदवर फेसबुक पोस्ट लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती लाईक केली. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. इथेही पोस्ट एकीची आणि फुटलेल्या काचा दुसऱ्याच्या.

त्या वेळी वापरलं गेलेलं कलम ६६ अ पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी कोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' अशा शब्दांचा नेमका अर्थ काय हे कुणालाच सांगता येत नव्हतं, हे त्यामागचं मोठं कारण होतं. त्याच निकालात कोर्टाने सेफ हार्बरबद्दलही एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. कोर्टाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना आली, तरच कंपनीला मजकुराची 'माहिती होती' असं धरायचं. प्रत्येक तक्रारीवर कंपनीने स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हा त्यामागचा विचार.

२०२३ चा नियम काय होता?

२०२१ मध्ये केंद्राने नवे आयटी नियम आणले. त्यातल्या डिजिटल माध्यमांच्या आचारसंहितेला 'द लीफलेट' हे संकेतस्थळ आणि ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे यांनी मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टाने त्यातल्या काही तरतुदींना स्थगिती दिली.

६ एप्रिल २०२३ रोजी याच नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकार एक फॅक्ट चेक युनिट नेमणार. केंद्राच्या कामकाजाशी संबंधित एखादा मजकूर 'फेक, खोटा किंवा दिशाभूल करणारा' आहे असं या युनिटने ठरवलं, तर तो आपल्याकडे राहू नये यासाठी प्लॅटफॉर्मने वाजवी प्रयत्न करायचे. नाही केले, तर सेफ हार्बर धोक्यात.

कामरा लगेच मुंबई हायकोर्टात गेला. त्याच्यापाठोपाठ एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया आणि नियतकालिकांची संघटनाही आली. कामराचं म्हणणं साध्या भाषेत असं:

पहिलं, मी राजकीय विडंबन करतो. विडंबनात अतिशयोक्ती असतेच. तिची 'खरं की खोटं' अशी तपासणी केली तर प्रत्येक विनोद खोटाच ठरेल.

दुसरं, माझं काम लोकांपर्यंत समाजमाध्यमांमधूनच पोहोचतं. पोस्ट गेली किंवा खातं बंद झालं तर माझं पोट त्यावर अवलंबून आहे.

तिसरं, सरकारबद्दलची माहिती खरी की खोटी हे सरकारनेच ठरवायचं, म्हणजे वादातला एक पक्षच पंच.

सरकारची बाजूही ऐका

फेक न्यूज हा काही काल्पनिक राक्षस नाही. लसींपासून नोटांपर्यंत आणि दंगलींच्या अफवांपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरतं, हे आपण फॅमिली ग्रुपवर रोज बघतो. सरकारचा युक्तिवाद असा होता की हा नियम मतं, टीका किंवा व्यंग यांच्यासाठी नाहीच. तो फक्त सरकारी कामकाजाबद्दलच्या खोट्या माहितीपुरता आहे. पोस्ट थेट काढायला सांगितलेली नाही. प्लॅटफॉर्मला युनिटचं म्हणणं पटलं नाही तर तो पोस्ट ठेवू शकतो आणि वाद कोर्टात जाऊ शकतो. सरकारी कामाची अधिकृत माहिती सरकारकडेच असते, मग तपासणी दुसरं कोण करणार?

हे मुद्दे हलके नाहीत. म्हणूनच पहिल्या फेरीत खंडपीठातच दोन मतं पडली.

कोर्टात काय झालं? तारखांनुसार

३१ जानेवारी २०२४: न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द करावा असं म्हटलं. सरकारने एकतर्फी एखाद्या बोलण्यावर खोटेपणाचा शिक्का मारून ते काढायला लावणं त्यांना मान्य नव्हतं. तोच मजकूर छापील वर्तमानपत्रात आला तर चालतो आणि ऑनलाइन आला तर नाही, या फरकावरही त्यांनी बोट ठेवलं. न्या. नीला गोखले यांनी नियम वैध ठरवला. युनिट पक्षपात करेलच असं आधीच गृहीत धरता येणार नाही आणि गैरवापर झाला तर कोर्टाची दारं उघडी आहेत, असं त्यांचं मत होतं.

२० मार्च २०२४: केंद्राने पत्र सूचना कार्यालय म्हणजे पीआयबीच्या फॅक्ट चेक युनिटला या कामासाठी अधिसूचित केलं.

२१ मार्च २०२४: सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती दिली.

२० सप्टेंबर २०२४: तिसरे न्यायाधीश म्हणून प्रकरण ऐकणाऱ्या न्या. अतुल चांदूरकर यांनी न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिलं. 'फेक, खोटा, दिशाभूल करणारा' या शब्दांची व्याख्या नियमात नाही आणि त्यामुळे तो संदिग्ध आहे, असं त्यांनी म्हटलं. समानतेच्या आणि अभिव्यक्तीच्या हक्कांचा त्यात भंग होतो, असंही त्यांचं मत होतं. काही दिवसांतच खंडपीठाने नियम रद्द झाल्याचा औपचारिक आदेश दिला.

इथे एक गैरसमज दूर करू. या निकालाने पीआयबीचं फॅक्ट चेक बंद झालेलं नाही. ते २०१९ पासून चालू आहे. सरकारला 'ही बातमी चुकीची आहे' असं सांगायचा पूर्ण हक्क आहे. त्या शिक्क्याच्या जोरावर प्लॅटफॉर्मच्या मानेवर सुरी ठेवण्याचा जो अधिकार मिळणार होता, तो कोर्टाने काढून घेतला.

'नया भारत'नंतर तीन मध्यस्थ

आता पुन्हा मार्च २०२५ कडे येऊ. हॅबिटॅट बंद झाल्यानंतर दोन आठवड्यांत आणखी दोन गोष्टी घडल्या.

टी-सीरिजने चित्रपटगीताच्या चालीवरून कॉपीराइटचा दावा केला. युट्यूबवर त्या व्हिडिओचा प्रसार आणि कमाई अडकली. विडंबन हा योग्य वापरच आहे, असं कामराचं म्हणणं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी सूट आहे, पण 'विडंबन' हा शब्द स्पष्टपणे नाही. त्यामुळे हा प्रश्न शेवटी कोर्टापुढेच सुटू शकतो. युट्यूबची यंत्रणा मात्र कोर्टासाठी थांबत नाही. आधी फटका बसतो, दाद नंतर मागायची.

मग एप्रिलमध्ये बुकमायशोवरून त्याचं नाव दिसेनासं झालं. त्याचे कार्यक्रम घेऊ नयेत अशी मागणी शिवसेनेच्या एका पदाधिकाऱ्याने कंपनीकडे केली होती. कामराने कंपनीला जाहीर पत्र लिहिलं. माझं नाव काढू नका, आणि काढायचंच असेल तर माझ्या शोची तिकिटं घेतलेल्या प्रेक्षकांची संपर्क यादी मला द्या, असं त्याने मागितलं. आपण फक्त तिकीटविक्रीची सोय पुरवतो, अशी भूमिका कंपनीने घेतली.

ही मागणी नीट वाचली तर तंत्रज्ञानाबद्दलचा त्याचा खरा आक्षेप कळतो. प्रेक्षक कलाकाराने जमवले, पण त्यांचे फोन नंबर आणि ईमेल कंपनीकडे. उद्या दार बंद झालं तर कलाकाराला स्वतःच्याच प्रेक्षकांना शोधता येत नाही. दहा हजार फॉलोअर्स जमवणाऱ्या गावाकडच्या युट्यूबरचीही अडचण हीच आहे.

स्टुडिओ, व्हिडिओ प्लॅटफॉर्म, तिकीट कंपनी. तिघांपैकी कुणीही तो विनोद लिहिला नव्हता. किंमत किंवा निर्णय मात्र तिघांच्याच गळ्यात पडला.

खुद्द कामरावर खार पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तो तमिळनाडूत राहत असल्याने मद्रास हायकोर्टाने त्याला अंतरिम संरक्षण दिलं. २५ एप्रिल २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने त्याची याचिका दाखल करून घेत सुनावणी होईपर्यंत अटक करू नये, असं सांगितलं.

त्याच्यावरचे आक्षेप

कामराचं सगळंच बरोबर, असं म्हणायचं कारण नाही. विमानात दुसऱ्या प्रवाशाला गाठणं हे अभिव्यक्ती स्वातंत्र्य नसून त्रास देणं आहे, असं त्याच्या मताच्या लोकांनाही तेव्हा वाटलं होतं. तो एका बाजूच्या राजकारणावरच जास्त बोलतो, हाही नेहमीचा आक्षेप. शिंदे यांनी व्यंग समजतं पण त्याला मर्यादा हवी, अशी प्रतिक्रिया दिली होती. क्रियेला प्रतिक्रिया येते, असंही ते म्हणाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याने माफी मागावी असं म्हटलं.

मर्यादा आहेतच. घटनेच्या कलम १९(२) मध्ये बदनामी, न्यायालयाचा अवमान, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं मोजून दिली आहेत. एखाद्याला आपली बदनामी झाली असं वाटत असेल तर कायद्याचा रस्ता उपलब्ध आहे. कामराही आपण पोलीस आणि कोर्टाला सहकार्य करू, असंच म्हणत होता. विनोदावर नाराज झालेल्यांनी तोडफोड केली, त्यांनाही तोच कायदा लागू व्हावा, ही त्याची मागणी होती.

हा प्रश्न एका पक्षाचाही नाही. मे २०२२ मध्ये महाविकास आघाडीचं सरकार असताना शरद पवार यांच्यावरच्या फेसबुक पोस्टसाठी अभिनेत्री केतकी चितळे हिला अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहावं लागलं. त्या वेळी टाळ्या वाजवणारे आणि २०२५ मध्ये टाळ्या वाजवणारे वेगवेगळे होते. पोस्टवरून माणसाला धडा शिकवण्याची हौस सारखीच होती.

मग आता सगळं मिटलं का?

नाही. फॅक्ट चेकचा नियम गेला, पण मध्यस्थाला गाठण्याचे इतर रस्ते आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने 'सहयोग' पोर्टल सुरू केलं. त्यावरून केंद्र आणि राज्यांच्या यंत्रणा कलम ७९(३)(ब) खाली कंपन्यांना मजकूर काढण्याच्या नोटिसा पाठवू शकतात.

इथे फरक लक्षात घ्या. कलम ६९ अ खाली मजकूर ब्लॉक करायचा तर कारणं ठरलेली आहेत, समिती आहे, कारण लेखी नोंदवावं लागतं. कलम ७९ च्या रस्त्यावर तेवढे टप्पे नाहीत. एक्स कंपनीने याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात धाव घेतली. २४ सप्टेंबर २०२५ रोजी कोर्टाने ती याचिका फेटाळली. समाजमाध्यमांना नियमन हवंच, असं कोर्टाने म्हटलं. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नियम बदलून असे आदेश वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच द्यावेत आणि त्यांचा दर महिन्याला आढावा घ्यावा, अशी तरतूद केली. सुधारणा आहे, पण ठरवणारं सरकारच आहे.

तुमच्यासाठी यात काय?

पोस्ट उडाली तर: आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. उत्तर पटलं नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. आलेल्या प्रत्येक नोटिशीचा स्क्रीनशॉट ठेवा.

कॉपीराइट स्ट्राइक आला तर: युट्यूबवर प्रतिदावा करता येतो. मात्र तो करणं म्हणजे कायदेशीर विधान असतं, त्यामुळे आधी वकिलाशी बोला.

पोलिसांचा फोन आला तर: कलम ६६ अ वरून कुणावरही खटला चालवता येत नाही. ते रद्द झाल्यानंतरही गुन्हे दाखल होत राहिल्याने सुप्रीम कोर्टाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट सांगितली. बोलण्या-लिहिण्यावरचा आरोप तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करणं योग्य ठरेल. शब्दांचा परिणाम जोखताना खंबीर मनाचा माणूस डोळ्यासमोर ठेवायचा, प्रत्येक टीकेने बिथरणारा नाही, असंही कोर्टाने म्हटलं.

लिहिताना: 'मला वाटतं' आणि 'असं घडलं' यात फरक ठेवा. मत मांडायला मोकळीक जास्त आहे. घटना सांगत असाल तर पुरावा हाताशी असू द्या.

पुढच्या वेळी एखादी पोस्ट, व्हिडिओ किंवा शो अचानक गायब झाला, तर तो विनोद चांगला होता की वाईट यावर वाद घालण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: हे काढायचं कुणी ठरवलं, आणि बोलणाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली का? न आवडणाऱ्या माणसाच्या बाबतीतही हा प्रश्न विचारता आला पाहिजे. कारण त्या यादीत उद्या आपलं नाव असू शकतं.